रिसॉर्टमधलं माझं लगीन

"हळद परत लावा," शहरातून पाव्हणे घेऊन आलेल्या मॅडम म्हणाल्या. "उजेड नीट नव्हता."

मी पाटावर बसलेली. हळद लागून झालेली. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. नवरीला हळद लागली म्हणजे लागली. ती काय भिंतीचा रंग आहे, दुसरा हात मारायला? पण कॅमेरावाला माझ्या गालाशी आला. म्हणाला, "ताई, जरा पुसून घ्या ना." आणि लहानूदादाने खिशातून रुमाल काढून माझ्या हातात दिला. आमच्या मंडळाच्या लहानूदादाने.

मी पुसली. काय चाललंय तेच मला कळत नव्हतं.

मग मॅडमनी सोनीकडे बोट केलं. सोनी माझी मुलगी. नवा फ्रॉक घालून माझ्या मांडीला टेकून उभी होती.

"या मुलीला बाजूला घ्या. नवरीजवळ मूल विचित्र दिसतं."

दादाने सोनीचा दंड धरला आणि तिला स्वयंपाकखोलीकडे नेलं. ती मागे वळून वळून माझ्याकडे बघत होती.

जव्हार-मोखाड्याकडचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या पाड्यात माणसं आधी संसार करतात. लगीन नंतर लावतात. लग्नाला गाव जेवू घालावं लागतं, ते जमेपर्यंत कोण थांबणार? पोरं होतात, पोरं चालायला लागतात, मग एका वर्षी जमतं आणि लगीन लागतं. आईबापाच्या लग्नात पोरं नाचतात. काही ठिकाणी तर बाप आणि लेक एकाच मांडवात नवरदेव. यात कुणाला लाज नाही. लाज आम्हाला बाहेरच्यांनी शिकवली.

लहानूदादा स्वतः आईबापाच्या लग्नात नाचलेला माणूस. हसत हसत सांगायचा, "मी माझ्या बापाच्या वरातीत सगळ्यात पुढं होतो!" त्यानेच सोनीचा दंड धरला, हे मला खरंच वाटेना.

आमचं चित्रं काढणाऱ्यांचं मंडळ दादानेच उभं केलं, आणि मीही. जव्हारला एका दुकानाच्या माळ्यावर खोली घेतली, तेव्हा तिथं घुशी होत्या. दादा, मी, काशी आणि आणखी दोघं. काशी म्हणजे माझी जिवाची मैत्रीण, पोशेरा गावची. सतरंजीवर पालथं पडून आम्ही चित्रं काढायचो. पांढऱ्या रंगाच्या एकाच वाटीत पाचजणांच्या बांबूच्या काड्या बुडायच्या. कुणाचा तारपा वाजवणारा चांगला, कुणाची झाडं चांगली. माझे चौक चांगले. हे मी नाही म्हणत, दादा म्हणायचा. "हिच्यासारखी पालघट तालुक्यात कुणाला निघत नाही."

चौक म्हणजे लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात तो. मधोमध पालघट देवी. ती असल्याशिवाय आमच्यात लगीन लागत नाही. आणि तो काढायचा सवाशिणींनी, म्हणजे ज्यांचं लगीन लागलंय त्यांनी. मी कापडावर चौक काढून काढून बोटं झिजवली. मुंबईतल्या भिंतींवर माझे चौक टांगलेत. पण आमच्या पाड्यात कुणाच्या लग्नात भिंतीला हात लावायला गेले, की म्हाताऱ्या बाया प्रेमाने बाजूला करायच्या. "तुजं लगीन लागू दे बाय, मंग काड." मी कोपऱ्यात बसून पीठ कालवून द्यायची. खरं सांगते, जळायचे मी. माझ्याहून वाकड्या रेघा काढणाऱ्या बाया खऱ्या भिंतीवर चौक काढायच्या.

म्हणून दादा म्हणाला, "यंदा तुझं लगीन मंडळ लावणार," तेव्हा मी रडले. माझा नवरा भिवंडीला सेंटरिंगच्या कामाला असतो. तो फोनवर म्हणाला, "सच्ची? मग सुट्टी टाकतो." दादा म्हणाला, तुझ्या अंगणात माणसं मावायची नाहीत, जव्हारजवळच्या रिसॉर्टवाल्यांनी जागा दिलीय, आपल्याच ओळखीचे आहेत. मंडळाचे पाव्हणे येतील, चार लोक आपली रीत बघतील, झालंच तर आपल्या कामाचंही नाव होईल. मी म्हटलं, चालेल. दादा सांगतोय म्हटल्यावर विचारायचं काय? भरवशाच्या म्हशीला टोणगा, दुसरं काय.

तर त्या दिवशी दुसऱ्यांदा हळद लागली. तिसऱ्यांदाही. समोर खुर्च्या मांडलेल्या, त्यावर शहरातली माणसं, हातात थंड सरबत. दादाने माइक घेतला. "आज ही आदिवासी कन्या आपल्या संसाराची सुरुवात करतेय." कन्या! माझा नवरा हसला, त्याला वाटलं दादा थट्टा करतोय. दादा नाही हसला.

मग पाटामागच्या चौकावर झाकलेलं फडकं थोडं सरकलं आणि मला कडेचं लाकूड दिसलं. भिंत नव्हतीच. प्लायवूड होतं. गेरू लावलेलं प्लाय, भिंतीला टेकवलेलं.

मी हळूच काशीला विचारलं, "हे फळीवर का काढलंत?"

काशी खाली बघत म्हणाली, "मॅडमना घेऊन जायचाय ना. आणि उद्या परत लागेल."

"उद्या कशाला?"

"दुसरे पाव्हणे आहेत उद्या. तुला दादाने नाही सांगितलं?"

नाही सांगितलं. काशीला ठाऊक होतं. मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. माझं लगीन आज लागणार, उद्या लागणार, पाव्हणे येत राहिले तर दर शनिवारी लागणार. केसाने गळा कापला माझा. मला ज्या गोष्टीची भूक होती तीच दाखवून मला बोलावलं.

बाजूला बुधीबाय लग्नाची गाणी, धवले, गात होती. ती आमची धवलेरी, तिने गाऊन देव बोलावले की लगीन लागतं. मॅडमनी तिला मधेच हात दाखवला. "आजी, एवढं मोठं नको. शेवटचं तेवढं म्हणा."

बुधीबाय थांबली. "शेवटचं कसं म्हणू? देव वाटेतच हायेत अजून."

खुर्च्यांमध्ये हशा पिकला. कुणी टाळ्याही वाजवल्या.

मी उठले. दादा धावत आला, माइक हाताने झाकून म्हणाला, "बस खाली. माणसं बघतायत."

"सोनी कुठाय?"

"आहे आत, खातेय काहीतरी. अगं लगीन खरंच लागतंय ना तुझं? बघणारे जास्त आहेत, एवढंच."

"मग उद्या कुणाचं आहे?"

त्याने माइक बंद केला. मग जे म्हणाला ते मी शब्दाला शब्द सांगते. "जास्त शहाणपणा करू नको. तुला पाड्यातून वर कुणी आणलं?"

मी बागेतल्या नळावर गेले. सगळ्यांच्या समोर तोंड धुतलं, मान धुतली, हात कोपरापर्यंत धुतले. पिवळं पाणी त्यांच्या कापलेल्या गवतावर गेलं. हळदीची नवरी अशी हळद धूत नाही, अपशकुन असतो, बाया ओरडल्या. ओरडू दे. कॅमेरावाला तेही घेत होता. मी म्हटलं, "घे. नीट घे. उजेड चांगला आहे."

सोनी स्वयंपाकखोलीत पालथ्या घातलेल्या घमेल्यावर बसली होती. मला म्हणाली, "आई, मी काय केलं?"

त्या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. माझ्याकडे नाही. ज्याने तिला तिथं बसवलं त्याने द्यायचं.

आम्ही निघालो. बुधीबायही उठली, टोपली घेऊन आमच्या मागे. फाट्यावर जीप मिळाली. आत बसल्यावर माझा नवरा म्हणाला, "साला, मला वाटलं खरंच आहे." एवढंच. त्याचे डोळे भरलेले. तो बिचारा नवे बूट घालून आलेला.

दुसऱ्या दिवशी मला नेसवलं तसल्याच लुगड्यात काशी नवरी झाली. तिचं लगीन होऊन किती वर्षं झाली, पोरं शाळेत जातात. तिच्या पोरांना त्या दिवशी कुठं बसवलं, मला माहीत नाही. मी तिला विचारलं नाही, ती बोलायला आली नाही. माळ्यावरच्या खोलीला नवं कुलूप लागलं. माझ्या काड्या आत राहिल्या. मोखाड्याच्या बाजारात मंडळातलं कुणी दिसलं तर रस्ता बदलायचं. मंडळ मोडायला मी निघालेय असं दादा सांगत फिरला.

पाड्यात बायांनी विचारलं, "झालं का लगीन, अर्धं का होईना?" बुधीबाय म्हणाली, "नाय झालं. देव आलंच नाय तिथं." मला बरं वाटलं ते ऐकून. फसवणुकीचं लगीन माझ्या नावावर नको.

पावसाळा संपल्यावर दादा घरी आला. अंगणात उभा राहिला. हातात सोनीसाठी बिस्किटाचा पुडा. म्हणाला, "झालं गेलं विसर. मोठं काम आलंय, त्यांना चौकच पाहिजेत. तुझ्याशिवाय होत नाही."

मी म्हटलं, "आधी माफी माग."

"मागतो की. चुकलं बाय माझं."

"माझी नको. सोनीची."

तो हसला. "पोरीची?"

"हो. तिच्यासमोर खाली बस आणि सांग, तुला का लपवलं. तू बापाच्या वरातीत पुढं होतास, मग हिला का लपवलं, ते सांग."

सोनी दारात उभी होती, ऐकत. दादाने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पुडा ओट्यावर ठेवला आणि गेला. मी सोनीला पुडा घेऊन त्याच्या मागे पाठवणार होते. मग वाटलं, तिला का पाठवायचं? मीच गेले, धावत गेले, उतारावर गाठलं आणि पुडा त्याच्या हातात दिला.

आता मी घरीच काढते. पाड्यातल्या दोन बाया माझ्याजवळ येतात. चौक विकायला काढत नाही. बाकी सगळं काढते. रिसॉर्ट काढलं, खुर्च्या काढल्या, घमेल्यावर बसलेली पोर काढली. घेणारे विचारतात हे काय, मी सांगते. नाव घेऊन सांगते.

माझं लगीन लागेल. याच अंगणात, गाव जेवेल तेव्हा. बुधीबाय पुरतं गाईल. सोनी सगळ्यात पुढं नाचेल, आणि त्या दिवशी लहानूदादाला माझ्या मांडवात पाय ठेवू देणार नाही.