कापसातली कात
आज दुपारी लेकराला कापसाच्या ढिगावरून उचललं, अन् त्याच्याखाली सापाची कात निघाली. तोच कोंदट गरम वास आला अन् मला परतूरचं माहेर आठवलं. मी लहान होते, असाच घरात कापूस भरल्ता, अन् त्यातून काळा साप निघाला, अंगावर पांढरे पट्टे. माय वरडली, “मण्यार हाय, मण्यार!”

आबानं हातानंच उचलला. “कवड्या हाय गं येडे, बिनविषारी. ह्याचे पट्टे मानेपासूनच असतात, मण्यारीचे मानेच्या बरंच खालून सुरू होतात. तिचं सोंग घेतो म्हणून जगतो बिचारा.”

मी बोट लावलं, गार लागलं, हसले.

आज लेकरू कडेवर घेऊन मी कात उजेडात धरली. मान बघितली, शेपूट बघितलं. कातीवर पट्टेच न्हाईत, रंग सापासंगंच गेलेला; कवड्या का मण्यार, कळंना.