पोत्याचं तोंड आणि सनाची फाईल

गोदामात एक पोतं ठेवलं की त्याच्या आधारानं दुसरं येऊन बसतं. आमच्या हापिसातले किस्सेही तसेच साठत गेले. हापिस म्हणजे नांदेडला कापडदुकानाच्या माडीवरच्या दोन खोल्या. मालक शिवराज अप्पा, उदगीरचे, कपाळाला विभूती. वेबसाईटी सांभाळणारी सना, देगलूरची. आणि चहापाण्याला मी. मराठी अक्षरं जोडून जोडून वाचतो, इंग्रजीचं एक येत नाही. सगळी उमर धर्माबादच्या बाजारात मिरचीच्या पोत्यांची तोंडं शिवण्यात गेली.

पहिल्याच दिवशी मी सनाला विचारलं, या वेबसाईटी ठेवता कुठं? कपाटात तर नुसती अप्पांची छत्री. तिनं ब्राउझर उघडून दाखवला. पिवळे पिवळे फोल्डर, एकात एक. म्हणाली, माल लांब कुठल्या तरी देशात हाय, आपल्याकडं फक्त किल्ली.

"मग तिथं राखणीला कोण असतं?"

तिनं एक फोल्डर उघडून परत मिटला. "मामा, हे मला बी कुणी सांगितलं न्हाई."

•

चाकूरचे एक बियाणेवाले स्वतः आले. साईटवरचा निळा रंग हिरवा करायचा होता. सनानं तिथंच फाईल उघडली, एक शब्द बदलला, सेव्ह दाबलं. पाहुणे खुर्चीत नीट टेकलेही नव्हते. एवढ्यासाठी मी एसटीनं आलो का, म्हणून त्यांचा चेहराच उतरला.

ते गेल्यावर अप्पांनी नियम घातला, "गिऱ्हाईक समोर असलं की चहा संपेस्तोवर सेव्ह दाबायचं न्हाई."

तेव्हापासून मी चहा जरा जास्तच गरम देतो.

•

त्या कोडचं मला लई नवल. दुपारी सनाच्या मागं उभा राहून बघायचो. एक वाकडा कंस सारखा दिसायचा, कधी इकडं तोंड, कधी तिकडं. ती म्हणाली, हा उघडतो, हा मिटतो, मधे माल. एक जरी उघडा राहिला तर सगळी साईट बंद.

"म्हंजे पोत्यागतच की," मी म्हणालो.

ती हसली. मी मात्र त्या दिवसापासून कंसच बघत राहिलो.

•

अप्पांची एक सवय होती. फाईलला हात लावायच्या आधी तिची नक्कल शेजारी ठेवायची. नावं 'जुनी', 'खरी जुनी', 'हीच जुनी', 'हात लावू नये'. एका सोमवारी अप्पा महादेवाला गेलेले, तेवढ्यात सनानं झाडलोट म्हणून सगळा पसारा डिलीट केला. अप्पा आले, बघितलं, आवाज चढवला नाही.

"पोरी, आता काही बिघडलं तर देगलूरची गाडी धरायची."

तिच्या अब्बांनी तिला कसंबसं धाडलं होतं. एकदा घरी गेली की परत येणं नव्हतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक.

•

पंधरा दिवसांत तेच झालं. भोकरच्या मुलींच्या वसतिगृहाचे अर्ज पाच वाजता बंद होणार होते. फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवा, असा तिथून निरोप आला. सनानं घाईत चालू फाईलच उघडली, बदलली, सेव्ह दाबलं. सगळं पान पांढरं! नक्कल ठेवलेली नव्हती. अप्पा लातूरहून निघालेले. भोकरहून फोनावर फोन. सना एक ओळ पुसायची, परत टाकायची.

मी म्हणालो, "बेटा, हात काढ. काही पुसू नको. मला वरपासून दाव, हळू."

स्क्रीनच्या काचेवर बोट धरून निघालो. उघडं, मिटलं. उघडं, मिटलं. पानामागून पान. चहा निवून गेला. एका जागी बोट थांबलं.

"हे कुठं शिवलंय?"

तिनं कंस टाकला. अर्जाचं पान उघडलं तेव्हा पाच वाजायला वीस मिनिटं होती.

अप्पा आल्यावर सनानं काही न लपवता सगळं सांगितलं. ते स्क्रीनकडं बघत राहिले, मग माझ्याकडं.

"मामा, तुम्हाला कोड वाचता येतं?"

"न्हाई अप्पा."

अप्पा खुर्चीत बसले. सनाला म्हणाले, "आधी ह्या फाईलची नक्कल ठेव."

सनानं भीत भीत विचारलं, "नाव काय देऊ?"

"शिवलेली."