काठाला दोन निळे दोरे

गिरणीत तिला तोंडावर सगळे मावशी म्हणत आणि पाठीमागे घट्टहाती. तिनं विणलेल्या कापडातून पाणी गाळायला बसलं तर माणूस तहानेनं मरेल, अशी थट्टा चाले. ती थट्टा तिला मनापासून आवडे.

तिच्या आईनं घरच्या मागावर आयुष्य काढलं होतं. काठाला दोन निळे दोरे ही त्या घराची खूण. गिऱ्हाईक काठ बघून डोळे मिटून कापड घ्यायचं. मग गिरणी आली आणि अख्खी गल्ली भोंग्याच्या तालावर नाचू लागली. मावशीनं खूण मात्र सोडली नाही, शेजारच्या मागावर बसणाऱ्या लेकीलाही तीच दिली. बिनखुणेचं कापड म्हणजे बेवारस, असं ती तिला बजावे. मालकांचीही हरकत नव्हती. कुणाच्या ताग्यात दोष निघाला, हे मुकादमाला काठावरून आयतं कळे. आईनं मिरवलेली खूण आता पकडायला सोयीची झाली होती. मावशीला हे कधी खटकलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिथंच घात झाला.

त्या वर्षी गिरणीत फक्त फौजेचं कापड निघत होतं. समुद्रापलीकडचा आणखी एक मुलूख घ्यायचा होता म्हणे. मावशीचा नवरा असाच एक मुलूख घ्यायला गेला होता, तो इथल्याच कापडाच्या कोटात तिकडच्या मातीत गेला. त्यात शेजारच्या देशात लोकांनी राजाला खाली ओढल्याची बातमी आली आणि मालकांची झोप उडाली. गिरणीच्या आवारात शिपाई उतरले. रंगखात्यातल्या एका बाईला चौकशीला नेलं. तिचा जेवणाचा डबा अजून खिडकीत तसाच होता, त्याला कुणी हात लावत नव्हतं.

लेक मात्र खुशीत दिसे. सुट्टीच्या दिवशी ती मागच्या खोलीत आजीच्या जुन्या मागावर बसे. लग्नासाठी चादर विणतेय, म्हणाली. लाल सूत बघून मावशी हरखली. देवानं अक्कल दिली एकदाची, असं शेजारणीला सांगूनही आली.

सोमवारी गिरणीच्या फाटकावर लाल निशाण फडकत होतं. शिपायांनी ते उतरवलं. माग सुरू झाल्यावर मुकादम ते हातात घेऊन रांगेतून निघाला, शिपायांना दाखवायला प्रत्येकीच्या ताग्याशी काठ लावून बघत. चार माग अलीकडे आल्यावर मावशीला काठ दिसला. दोन निळे दोरे.

पोरगी निशाण विणायला बसली आणि सवयीनं घराची खूणही घालून गेली. आईनं शिकवलेलं तेवढं नेमकं लक्षात ठेवलं होतं कार्टीनं. मावशीला तिचा राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं.

मुकादम दोघींच्या मध्ये येऊन उभा राहिला. मागे दोन शिपाई. धोटा फेकायला मावशीनंच त्याला शिकवलं होतं, त्यामुळे तो तिच्याकडे नीट बघत नव्हता. खूण तुमच्या घरची आहे, हात कुणाचा ते सांगा, म्हणाला.

"माझा," मावशी म्हणाली.

त्यानं कापड बोटांत चोळलं. "तुमचा हात घट्ट आहे, मावशी. हे विरळ आहे."

अख्खी रांग ऐकत होती. उभ्या आयुष्यात आपल्या कापडाला कुणी विरळ म्हटलेलं तिनं ऐकून घेतलं नव्हतं.

"वय झालं आता," ती म्हणाली. "हात सैल पडलाय माझा. बरेच दिवस झाले, तुझ्याच लक्षात आलं नाही."

मुकादमानं लेकीकडे पाहिलं, मग मान खाली घातली. त्याला कुणीतरी एक हवं होतं, ते मिळालं. लेक उठू लागली.

"बस खाली," मावशी म्हणाली. "दोरा तुटेल."

शिपाई मावशीला दोन्ही बाजूंनी धरून, रंगखात्यातल्या बाईला नेलं त्याच वाटेनं घेऊन गेले. मुकादमानं तिचा माग बंद केला. शेजारचा चालूच होता.