चार नंबरच्या दारावरचा माणूस

कवळीवाले काका बंद दाराआड मेलेल्या माणसांच्या जबड्यांशी गप्पा मारतात, अशी अख्ख्या जिन्यावर बोलवा होती. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी तर स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं: "आत एकटाच राहिला ना हो तो?" आणि मग बराच वेळ शांतता, जणू जबडा विचार करून उत्तर देणार होता. वरच्या मजल्यावरची नकलाकार मुलगी, म्हणजे हे लिहिणारी, कठड्याला टेकून काका आणि जबडा दोन्ही करून दाखवायची आणि हशा वसूल करायची.

जबडे मेलेल्यांचे नव्हते. त्यांचे मालक चांगले धडधाकट होते, फक्त बोळके. दवाखान्यांतून त्यांच्या तोंडांचे ठसे डब्यात घालून यायचे. काका त्यात प्लास्टर ओतायचे, साच्यावर मेण चढवून एकेक दात बसवायचे, तयार कवळीच्या कडा मोटारीवर घासून गुळगुळीत करायचे आणि ती त्याच डब्यातून परत पाठवायचे. ती घालून कोण हसलं, काकांना कधी कळलं नाही. फळीवर तोंडंच तोंडं, आणि एकही चकार शब्द काढत नाही. बायको गेल्यापासून घरातला दुसरा आवाज म्हणजे ती मोटार. म्हणून काका हातात काम आणि कानात श्रुतिका घेऊन बसत.

श्रुतिकेचं नाव 'श्वासकर'. परग्रहावरचं शहर, तिथे श्वास घ्यायलाही कर. त्या आठवड्याच्या भागात अध्यक्षांनी खालची वस्ती रिकामी करून लोकांना वर हलवलं आणि चारही दारं कायमची बंद करायचा हुकूम सोडला. चार नंबरच्या दारावरच्या माणसाला एकच वाक्य होतं: "साहेब, हे दार आतूनच लागतं." दार लागल्याचा आवाज आला, आणि गोष्ट अध्यक्षांच्या भाषणाकडे गेली.

श्रोत्यांचे निरोप धडाधड आले. एक वकीलसाहेब, प्रत्येक वाक्याआधी खाकरणारे: "घटनेनुसार, ह्हं, अध्यक्षांना हा अधिकारच नाही." एक कॉलेजकन्या: "मला तर अध्यक्षच आवडतात बाबा, काय आवाज आहे." एक गृहस्थ क्रांतीची हाक देत होते आणि मागून त्यांची बायको म्हणत होती, "आधी दूध बघा, उतू चाललंय."

आणि काका. त्यांनी मोटार बंद केली, घसा साफ केला, फोनवर निरोप एकदा बोलले, पुसला, पुन्हा बोलले. पहिल्या मजल्यावर ऐकू गेलं ते हेच. "नमस्कार. तो चार नंबरच्या दारावरचा माणूस. आत एकटाच राहिला ना हो तो? त्याचं पुढे काय झालं?"

श्रुतिका लिहायचा त्या मुलीचा दादा, आणि ध्वनिमुद्रण व्हायचं वरच्याच मजल्यावर, खिडकीला गादी लावून. निरोप ऐकून दादा हसला. "जग अध्यक्षांवरून भांडतंय आणि यांना दारवानाची पडलीय." मुलीला मात्र आवाज लगेच ओळखू आला. दारवानाचं ते वाक्य तिनेच म्हटलं होतं, आवाज जाड करून. ती तडक खाली गेली.

"काका, तो मेला."

काकांनी मेणातून मान वर केली नाही. "कशाने?"

"हवा संपून. आणखी कशाने?"

"अगं, अख्ख्या वस्तीची हवा आत, आणि श्वास घेणारा एकटा. त्याला जन्मभर पुरेल." त्यांनी एक दाढ दाबून बसवली. "तो मरत नाही, हाच तर घोळ आहे. बोलणार कुणाशी?"

मुलगी चढ्या आवाजात म्हणाली, "तुमचा निरोप पुढच्या भागात ऐकवायला लावते. मग बघा लोक कसे विचारतात त्याच्याबद्दल."

"कुणी विचारणार नाही."

"पैज?"

"लाव. हरलीस तर त्या माणसाचं पुढचं वाक्य इथे येऊन म्हणायचं."

दादाच्या हातापाया पडून तिने पुढच्या भागात काकांचा निरोप ऐकवला. मग निरोप आले: वकीलसाहेब घटनेवर, कन्या आवाजावर, गृहस्थ क्रांतीवर. दारवानाबद्दल एक अवाक्षर नाही. शेवटी तिने स्वतःच एक बोळकी आजी उभी केली: "त्या दारातल्या पोराचं काय झालं गं बाई?" आणि ती दादाच्या नकळत त्यानंतरच्या भागात ऐकवायच्या निरोपांत घुसडली.

काकांचा तो भाग ऐकून झाल्यावर ती खाली आली, तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. थोडा वेळ तरी त्यांनी आजीवर विश्वास ठेवला असावा.

"आजी छान काढलीस," ते म्हणाले. "पण दात गेले की 'त' आणि 'द' आधी ढिले पडतात. तुझ्या आजीचं 'दार' खणखणीत होतं."

"म्हणजे मी हरले?"

"बस तिथे."

काकांनी मोटारीचं बटण बंद केलं. तिने आवाज जाड केला, तो बरोबर वाटेना. बारीक केला, तोही नाही.

"कुणाशी बोलतोय तो आत्ता?" तिने विचारलं.

"कुणाशीच नाही. म्हणून तर म्हणतो, घाई करू नकोस."

ती अर्धं तोंड उघडून बसून राहिली. पैज ती साफ हरली होती, आणि काका समोर हात पुसत वाक्याची वाट बघत होते.