सुईला लागलेलं ओलं कुंकू

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आलेय. भोरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते, आणि जुने रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करायचा नाद आहे. खरखर, घरघर, अडकणारी गाणी - सगळ्यांची कारणं मला पाठ आहेत. म्हणजे, होती...

वेल्ह्याकडच्या पासली गावचा तानाजी भर दुपारी आईला एसटीनं घेऊन माझ्याकडे आला. पिशवीत एकच रेकॉर्ड. त्याचे वडील पोवाडे गायचे. मुंबईला जाऊन त्यांनी आयुष्यात ही एवढीच रेकॉर्ड केली. आता त्या आजींचे, म्हणजे त्याच्या आईचे, कान जात चाललेत.

"पुरतं भैरं व्हायच्या आत ह्यांचा आवाज ऐकायचाय," त्या म्हणाल्या. "शेवटाला ह्यांचं नाव येतं, तितपतूर."

रेकॉर्ड हातात घेतली आणि मला शिसारी आली. अख्खी तबकडी चिकट, तांबडी. खाचांत कुंकवाचा थर, त्यावर खवट खोबरेलाचा वास.

"दर खंडेनवमीला नांगर-कोयत्यासंगं पूजतो की हिला," तानाजी कौतुकानं म्हणाला. "त्याल, हळद, कुकू. बापाचं अवजारच ना ते."

माणसाचा गळा बुजवायचा आणि वर पूजा! मी साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशनं ती धुतली. मोरीतून काय वाहिलं ते सांगत नाही, तुमच्यापैकी कुणी जेवत असेल.

वाळवून लावली. आवाज आला - खडा, मोकळा. आजी स्पीकरला कान लावून बसल्या. आणि शेवटच्या कडव्यात सुई टुणकन मागे. उचलून बघते तर टोकाला ओला, तांबडा लगदा.

पुन्हा धुतली. भिंगातून पाहिलं, खाचा स्वच्छ. सुईवरचा भार तपासला, सुई धरणारं डोकं सरळ केलं, शेवटी सुईच नवी घातली. दुसरी रेकॉर्ड लावली तर ती शेवटपर्यंत लोण्यासारखी चालली. ही लावली की तीच जागा, तोच लगदा, तोच वास.

"म्याडम, मुंडक्यावर रुपाया ठिवा," तानाजी म्हणाला. "लग्नात स्पीकरवाला त्येच करायचा."

म्हणजे त्या वजनानं उरलेल्या खाचाही नांगरून निघाल्या असत्या. हाच काहीतरी फासतोय असा संशय येऊन मी त्याला दाराशी बसवलं. तरी तेच.

मी कापसानं सुई पुसली. आजींनी तो कापूस माझ्या हातातून घेतला, बोटानं लगदा चाचपला आणि बोट कोऱ्या कपाळाकडे नेलं. तानाजीनं धावत येऊन मनगट धरलं.

"आये, घाण हाय ती. आन् लोक काय म्हंतील?"

"हे गेल्यापासनं कुकवाला हात लावू दिला न्हाई कुणी," आजी मला म्हणाल्या. "ह्यांच्या पूजंला बी सूनच पुढं."

आता मला त्या लगद्यापेक्षा तानाजीचीच किळस आली. त्याला चहा आणायला पिटाळलं. मग श्वास रोखून, त्या घाणीत माझंच बोट बुडवून, मी आजींच्या कपाळाला टिकली लावली आणि रेकॉर्ड पुन्हा लावली. या वेळी धुतली नव्हती... पुसलीसुद्धा नव्हती.

शेवटचं कडवं आलं. सुई सरळ पुढे गेली.

"आता खोकतील बघा," आजी पुटपुटल्या. "नावाच्या आदी खोकायचेच."

रेकॉर्डमधला माणूस बारीकसा खोकला आणि त्यानं स्वतःचं नाव घेतलं. आजींनी पदर तोंडाला लावला.

सुई काढून पाहिली. कोरडी ठणठणीत. म्हणाल, खाचेत उरलं असेल. असेल. पण इतक्या वर्षांचं कुंकू ओलं कसं, आणि थांबलं ते तेव्हाच का, हे मला आजही सांगता येत नाही.

चहा घेऊन तानाजी परतला. एसटीला निघण्याआधी त्यानं खिशातून रुमाल काढला, त्याला थुंकी लावली आणि आईचं कपाळ घासून पुसलं. त्या लगद्याचा वास साबणानं गेला. तो रुमाल आठवला की मात्र अजून घास उतरत नाही.