निकोसिया: उकडलेले गहू घेऊन तारेपलीकडं

टीव्हीवर सायप्रसचा समुद्र बघून सलीम म्हणाला, "चल." वाळूजच्या एका कारखान्यात आम्ही दोघं लेथवर टर्नर. "इंग्रजी तू बोल, घासाघीस मी करतो," असं त्यानं वाटूनही टाकलं. इंग्रजी मी स्वतःच शिकलोय, क्लास न लावता.

जाणाऱ्यांनी एक पक्कं ध्यानात ठेवावं: दक्षिणेतल्या लार्नाकालाच उतरा. उत्तरेकडून बेटावर आलात तर दक्षिणेचं सरकार ते बेकायदा धरतं. चौऱ्याहत्तर साली तुर्की फौज उतरली, तेव्हापासून बेट तुटलेलं आहे. दक्षिणेत ग्रीक, उत्तरेत तुर्क. राजधानी निकोसियाच्या मधोमध गंजकी पिंपं, तारा आणि ओसाड घरं.

निकोसियात एलेनीबाईंकडं खोली घेतली. पंचाहत्तरीच्या, एकट्या. त्यांचं गाव उत्तरेत, बसनं तासाभरावर. पण चौऱ्याहत्तरला ते सोडावं लागलं, तेव्हापासून गेलेल्या नाहीत. "माझ्याच घरी जायला पासपोर्ट दाखवू?"

आम्ही पलीकडं निघालोय म्हटल्यावर त्यांनी डबा पुढं केला. उकडलेले गहू, डाळिंबाचे दाणे, बदाम. मेलेल्यांसाठी करतात, दिसायला आपल्या घुगऱ्याच. गावी त्यांच्या आईच्या कबरीवर ते ठेवायचे होते. नाव ओळखता यावं म्हणून मी ग्रीक अक्षरं गिरवून घेतली.

लेड्रा रस्त्यावरून चालतच पलीकडं जाता येतं. पोलिसानं डबा उघडायला लावला.

"घुगऱ्यां हैं साब, बम नक्को समझो," सलीम पुटपुटला.

पुढं मिनीबस, तुर्की लिरा सुटे ठेवा.

गावच्या दफनभूमीत एकही क्रूस उभा नव्हता. फुटका संगमरवर कोपऱ्यात लोटलेला. मी तुकडे जुळवत बसलो, नाव काही लागेना. शेजारच्या बागेतून एक म्हातारा आला. तुर्क, पण मूळचा दक्षिणेतला. त्यालाही गाव सोडावं लागलेलं.

"ती स्वतः का नाही आली?" त्यानं मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"पासपोर्ट दाखवणार नाही म्हणते."

"मी दाखवला. आमच्या घराच्या जागी आता गाड्या लावतात. परत गेलो नाही."

गहू आम्ही पूर्वेच्या भिंतीलगत, एका सरूच्या झाडाखाली ठेवले.

परतल्यावर जिन्यात सलीम म्हणाला, "ठेवले म्हण, बास. जादा बोलू नको."

एलेनीबाईंनी फोटो मागितलाच. मोबाइल बराच वेळ डोळ्यांजवळ धरला.

"ही पूर्वेची भिंत. आई पश्चिमेला आहे."

"दगड राहिले नाहीत, बाई."

"मग इथं कोण होतं?"

"नाव वाचता आलं नाही."

"असू दे," त्या म्हणाल्या. "जे कुणी असेल, त्यालाही कुणी आणून देत नसेल."

घरी आल्यापासून लोक खर्च विचारतात. दक्षिण महाग, उत्तर स्वस्त, समुद्र दोन्हीकडं तोच. पण आईच्या कबरीची नेमकी जागा आता एकट्या एलेनीबाईंनाच माहीत आहे, आणि त्यांचा मोतीबिंदू वाढलाय. मी फोनवर दर खेपेला सांगतो, पासपोर्ट दाखवा, एकदा जाऊन जागा कुणाला तरी दाखवून ठेवा. त्या ऐकून घेतात आणि सलीम कसा आहे, ते विचारतात.