साठीच्या आतले जजसाहेब

पंचवीस वर्षं कोर्टात पेशकारी केली, जजसाहेबांच्या पायाशी बसून लोकांच्या जबान्या लिहिल्या. फाइली कोर्टात राहिल्या, किस्से मात्र माझ्याबरोबर घरी आले. साठ पूर्ण झालेला सरकारी नोकर, मग तो जज का असेना, घरी बसेल असा संस्थानच्या दरबारचा हुकूम आमच्या लष्कर शहरात आला, तेव्हाचे तर आजही झोप उडवतात.

*

जन्माचा दाखला कुणाकडेच नव्हता. पुरावा म्हणजे पत्रिका. एका जजसाहेबांनी दाखल केलेल्या पत्रिकेत वय निघालं सत्तावन्न. त्यांचा धाकटा भाऊ माधवगंजात मास्तर, त्याची नोंद एकोणसाठ. मी थक्क झालो. मोठा भाऊ धाकटा झाला होता आणि कागद मंजूरही झाला!

*

आमचे जज तात्यासाहेब तसे नव्हेत, हे मी शपथेवर सांगितलं असतं. ‘कागद जुना, शाई ताजी’ म्हणून त्यांनी कितीतरी दावे फेकून दिले होते. एक दिवस त्यांनी स्वतःची पत्रिका माझ्या हातात ठेवली. वय छप्पन्न. कागद जुना, शाई ताजी.

“दोन मुली उजवायच्या आहेत, भई,” ते खाली बघत म्हणाले. “खुर्ची गेली तर दारात कोण येईल?”

मला फार वाईट वाटलं. पत्रिका मी दाखल केली.

*

महिन्याभरात त्यांच्या पत्नी, काकू, आमच्या दाना ओली मोहल्ल्यातल्या घरी डबा घेऊन आल्या.

“साठीशांतीचा प्रसाद आहे. दार लावून केली. दरबारला काय सांगायचं ते सांगा, देवाला कसं चुकीचं वय सांगणार?”

काकूंच्या हातात आणखी एक डबा होता.

“हा आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांना. प्रसाद आहे, शेजार कसा वगळू?”

*

पुढे वय चोरल्याबद्दल एका कारकुनावर खटला झाला. न्यायासनावर तात्यासाहेब, आणि कारकुनाचे वकील तेच, त्यांच्या शेजारचे. साक्षीला पत्रिका करणारे गुरुजी.

वकिलांनी शांतपणे विचारलं, “पंडितजी, और किस-किस की उमर घटाई आपने?”

गुरुजींची नजर माझ्या डोक्यावरून वर गेली. तात्यासाहेबांनी ‘सवाल नामंजूर’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

“जवाब दीजिए,” तात्यासाहेब म्हणाले.

गुरुजींनी अगदी हळू एक नाव घेतलं. माझा टाक थांबला.

“थांबलात का? लिहा.”

“साहेब... पूर्ण नाव?”

“वडिलांच्या नावासकट.”